बाटली, चिमटा आणि साक्ष : मलकवाल दुर्घटनेची कथने

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल या गावी १०७ माणसांना प्लेगप्रतिबंधक लस टोचण्यात आली. त्या दिवशी लशीच्या पाच बाटल्या उघडल्या गेल्या. चार बाटल्यांतून ज्यांना लस मिळाली त्यांना कोणताही अपाय झाला नाही. '५३ एन' अशी खूण असलेल्या पाचव्या बाटलीतून ज्या १९ जणांना लस टोचली होती, त्यांच्यात आठवडाभरात धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि त्यांपैकी एकही वाचला नाही. बाटली मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेत भरली गेली होती आणि ती भरून ४१ दिवस लोटले होते.

वैद्यकाच्या इतिहासात या घटनेची नोंद बहुधा वाल्देमार मॉर्देकै हाफकिन या शास्त्रज्ञाच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून होते. 'छोटे द्रेफ्यू प्रकरण' हे तिचे रूढ नाव. प्रस्तुत लेखाचा विषय हाफकिन यांचे निर्दोषत्व हा नाही. त्याचा निकाल १९०७ मध्येच लागला आहे. एकाच दुर्घटनेची दोन परस्परविरोधी कथने कशी रचली गेली, प्रत्येक कथनाने कोणता पुरावा पुढे आणला व कोणता मागे ठेवला, आणि रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न या दोहोंच्या फटीत कसा हरवला, हे पाहणे हा येथील हेतू आहे. वैद्यकीय चौकशीचा अहवाल हीसुद्धा एक संहिता असते. तिला निवेदक असतो, घटनाक्रमाची निवड असते आणि शेवटही असतो. तिच्या शेवटावर पुढच्या रुग्णांचे जीव अवलंबून असतात, हे तिचे वेगळेपण.

१. प्रयोगशाळा आणि विश्वास

मुंबईत प्लेगचा उद्रेक १८९६ च्या सप्टेंबरात उघडकीस आला. पुढील दोन दशकांत या रोगाने हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसे नेली. एकट्या १९०७ सालात मृतांची संख्या १३ लाखांच्या घरात गेली. मात्र साथीच्या आरंभी लोकांच्या मनात रोगाइतकीच, काही ठिकाणी रोगाहूनही अधिक, भीती होती ती सरकारी उपायांची. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, त्याला तेथे मारतात, अशी समजूत पसरली होती. १८९७ च्या आरंभी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या सुरू झाल्या आणि त्याच वर्षीच्या २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या काळात इस्पितळ या शब्दाचा अर्थ उपचाराची जागा असा राहिला नव्हता. सत्तेने माणूस ओढून नेण्याची ती जागा झाली होती. त्याच साथीत, मार्च १८९७ मध्ये, पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले. सेवेने मिळवलेला विश्वास आणि सक्तीने गमावलेला विश्वास ही दोन्ही चित्रे एकाच शहराच्या परिसरातली आहेत.

या वातावरणात ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेले हाफकिन मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत काम करू लागले. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी त्यांनी मांसाचा रस्सा वापरला. गोमांस व डुकराचे मांस टाळून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले आणि रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांच्या बुडाला जंतूंची वाढ खाली लोंबत असे. पुरेशी वाढ झाल्यावर उष्णता देऊन जंतू मारायचे, वरून अर्धा टक्का कार्बॉलिक आम्ल घालायचे आणि बाटल्या बंद करायच्या, अशी ती कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती देण्यात आली. पुढल्या वर्षी बडोदा संस्थानातील उंढेरा या गावी घराघरांतील साधारण निम्म्या माणसांना लस देऊन उरलेल्यांशी तुलना करण्यात आली.

स्वतःवर केलेला प्रयोग हा तेव्हाच्या विज्ञानाचा संकेत होता. तसाच तो विश्वास संपादन करण्याचा एक मार्गही होता. 'हे मी आधी घेतले आहे' असे म्हणता येणे, हे ज्या समाजात सरकारी डॉक्टरांचा शब्द चालत नव्हता तेथे मोठे भांडवल होते. मात्र या कृतीने लस सुसह्य आहे एवढेच सिद्ध होत होते. एका बाटलीबद्दल दिलेली ती ग्वाही पुढच्या हजारो बाटल्यांना लागू पडण्यासारखी नव्हती. १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि एका खोलीतला प्रयोग उत्पादनाचा कारखाना झाला. शास्त्रज्ञाच्या देहाने दिलेली हमी आता कामाच्या पद्धतीला द्यावी लागणार होती. मलकवालचा प्रश्न याच स्थित्यंतरातून उभा राहिला.

२. आयोगाचे कथन

१९०२ मध्ये पंजाब सरकारने व्यापक लसीकरणाची मोहीम आखली. लशीची मागणी एकाएकी वाढली. ती पुरवण्यासाठी हाफकिन यांनी रश्श्याऐवजी अगर मिसळलेल्या पाण्याचे माध्यम वापरले आणि निर्जंतुकीकरण उष्णतेवर सोपवून कार्बॉलिक आम्ल गाळले. पॅरिसमध्ये रुळलेली ही रीत ब्रिटिश वैद्यकाला परिचित नव्हती. अशा रीतीने तयार झालेल्या लशीच्या बाटल्या ऑक्टोबरात मलकवालला पोहोचल्या.

दुर्घटनेनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. त्यांच्या सोबत दोन वैद्यकीय सदस्य होते. ही रचनाच अहवालाचा साहित्यप्रकार ठरवणारी होती. न्यायालयीन चौकशीत घटनेचा उगम एका ठिकाणी, एका क्षणी आणि शक्यतो एका व्यक्तीच्या कृतीत शोधला जातो. आयोगापुढे दोन स्थळे होती : परळची प्रयोगशाळा आणि मलकवालचे गाव. बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले याविषयी दुमत नव्हते. प्रश्न होता तो कधी शिरले याचा. आयोगाचा निष्कर्ष असा की बाटली मलकवालला उघडण्यापूर्वीच ती दूषित झालेली होती. निर्जंतुकीकरण अपुरे झाले असावे, किंवा मोठ्या पात्रातून लहान बाटलीत लस भरताना दक्षता घेतली गेली नसावी; आणि कार्बॉलिक वगळणे ही गंभीर चूक होती. हाफकिन यांच्याकडून प्रयोगशाळेचे संचालकपद गेले आणि ते इंग्लंडला परतले.

या कथनाची तर्कसंगती वरवर भक्कम आहे. रीत बदलली, लगेच अनर्थ झाला. म्हणून रीत बदलणारा जबाबदार. आधी घडलेले ते कारण आणि नंतर घडलेले ते कार्य असे मानण्याची ओढ प्रत्येक कथानकात असते. आयोगाच्या अहवालात ती ओढ न्यायनिर्णयाच्या भाषेत अवतरली. मात्र एकाच भरणीची लस इतर बाटल्यांतून निरुपद्रवी का ठरली, हा प्रश्न या कथानकात बसत नव्हता.

३. पत्रांचे कथन

चौकशीतील साक्षीपुरावे प्रसिद्ध झाले ते १९०६ च्या अखेरीस. ते वाचणाऱ्यांमध्ये रोनाल्ड रॉस होते. हिवतापाच्या जंतूचा डासातील प्रवास त्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे उलगडला होता आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते. रॉस कवी होते, कादंबरीकारही होते. सार्वजनिक गद्याची ताकद त्यांना ठाऊक होती. मार्च १९०७ मध्ये त्यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये व 'नेचर'मध्ये या प्रकरणावर लिहिले. २९ जुलै १९०७ रोजी 'टाइम्स'ने दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापले. त्यांत रॉस यांच्याखेरीज न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनर होते. हाफकिन यांच्यावरील आरोप खोटा ठरला आहे, असा त्या पत्राचा स्पष्ट अभिप्राय होता.

या लेखनाचे बळ नव्या पुराव्यात नव्हते. जुन्याच पुराव्याच्या नव्या वाचनात होते. साक्षीत अशी नोंद होती की बाटली उघडताना सहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो नीट निर्जंतुक न करता, जंतुनाशक द्रावणातून नुसता फिरवून, त्याच चिमट्याने बूच काढण्यात आले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, हे १८८४ पासून ठाऊक होते. साध्या जंतुनाशकाला ते सहजासहजी दाद देत नाहीत. दुसरी नोंद वासाची होती. लस टोचणाऱ्या कॅप्टन एलियट यांना बाटली उघडताना दुर्गंध आला नव्हता. जंतू परळलाच शिरले असते तर हवाबंद बाटलीत ४१ दिवस वाढून त्यांनी कुजका वास निर्माण केला असता. तिसरा मुद्दा इतर बाटल्यांचा. आयोगाने या नोंदी ऐकल्या होत्या. निष्कर्ष काढताना त्यांना वजन दिले नव्हते. येथे पुराव्याचे तंत्र आणि संहितेच्या वाचनाचे तंत्र एकमेकांच्या अगदी जवळ येतात : एखाद्या तपशिलाचे महत्त्व तो उच्चारला गेला की नाही यावर ठरत नाही, तो कथनात कोणत्या जागी ठेवला गेला यावर ठरते.

या कथनाला 'छोटे द्रेफ्यू प्रकरण' हे नाव मिळाले, तेही विचारात घेण्याजोगे आहे. आल्फ्रेद द्रेफ्यू या ज्यू सेनाधिकाऱ्याला १८९४ मध्ये खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला यांचे प्रकट पत्र पॅरिसच्या 'लोरोर'मध्ये प्रसिद्ध झाले. १९०६ मध्ये द्रेफ्यू निर्दोष ठरले. हाफकिनही ज्यू होते, रशियातून आलेले परके होते, आणि लष्करी वैद्यकीय सेवेचे वर्चस्व असलेल्या व्यवस्थेत त्या सेवेबाहेरचे होते. प्रकट पत्र हा साहित्यप्रकार, छळलेला निरपराध हा नायक आणि संस्थेचा हट्ट हा प्रतिनायक : फ्रान्समध्ये घडलेला साचा इंग्रजी वाचकांसमोर तयारच होता. साच्याने आपले काम चोख केले. १९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेतले. परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. हाफकिन कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत गेले, १९१४ मध्ये निवृत्त झाले आणि १९३० मध्ये लोझान येथे निधन पावले. मुंबईच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १८९७ ते १९२५ या काळात तिने २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पाठवल्या होत्या.

४. दोन्ही कथनांत न मावलेले

आयोगाचे कथन चुकीचे आणि पत्रांचे कथन न्याय्य, असा निवाडा येथवर करता येतो व तो करायलाच हवा. परंतु रुग्णाच्या बाजूने पाहिल्यास दोन्ही कथनांची ठेवण सारखीच आहे. पहिल्याने विचारले : दोष शास्त्रज्ञाचा की नाही? दुसऱ्याने उत्तर दिले : शास्त्रज्ञाचा नाही. शास्त्रज्ञ सुटला तेव्हा दोष ओघानेच चिमटा सांडणाऱ्या सहाय्यकाकडे सरकला, आणि त्याच्यासाठी कोणी 'टाइम्स'ला पत्र लिहिले नाही. कथानकाला अपराधी हवा होता. तो परळहून मलकवालला हलला, एवढेच.

चिमटा हातून पडतो. उघड्या जागेत, शंभरावर माणसे रांगेत उभी असताना, दिवसभर तेच काम करणाऱ्याच्या हातून तो केव्हातरी पडणारच. विचारण्याजोगा प्रश्न असा की चिमटा पडल्यावर पुढे काय घडावे याची तरतूद होती काय? हाताशी दुसरा निर्जंतुक चिमटा होता काय? काम थांबवण्याचा अधिकार सहाय्यकाला होता काय, आणि साहेबासमोर तो अधिकार वापरण्याचे धाडस त्याला झाले असते काय? एका बाटलीवर १९ जीव अवलंबून ठेवणारी योजना कोणी, कोणत्या घाईत आखली? हे प्रश्न विचारले की घटनेचा उगम एका क्षणात सापडत नाही. मोहिमेची लगबग, बाटलीचा आकार, बदललेली कृती, दूरच्या गावी पाठवलेल्या सूचना आणि वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर अशा अनेक ठिकाणी तो विखुरलेला दिसतो. रुग्णसुरक्षेच्या आजच्या विचाराचा हा पाया आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो रुग्णालयीन वैद्यकात रुजला. पण त्याला लागणारी सगळी सामग्री १९०२ च्या साक्षींत आधीच पडून होती.

कार्बॉलिकच्या मुद्द्याचे पुढे काय झाले, हे या दृष्टीने बोलके आहे. मलकवालला जंतू बाटली उघडताना शिरले असतील तर काही मिनिटांच्या अवधीत कार्बॉलिकने बीजाणू मेले नसते. आयोगाचा आरोप त्या प्रसंगाला लागू पडत नाही. परंतु जानेवारी १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग येथे घटसर्पाची लस टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ दगावली. अनेक मात्रांची एकच बाटली पुन्हापुन्हा उघडली गेली होती, तीत स्टॅफिलोकोकस जंतू वाढले होते आणि त्यांना रोखणारे जंतुनाशक लशीत नव्हते. तेथील चौकशीत चार्ल्स केलावे आणि फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांचे संशोधन महत्त्वाचे ठरले. अनेक मात्रांच्या बाटलीत वाढरोधक द्रव्य असलेच पाहिजे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. म्हणजे आयोगाने व्यक्तीला दोषी ठरवण्यासाठी वापरलेल्या मुद्द्यात पद्धतीविषयीचे एक खरे ज्ञान दडलेले होते. आरोप फेटाळला गेला तेव्हा हे ज्ञानही बाजूला पडण्याचा धोका होता. वाद जिंकणे आणि धडा शिकणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

५. साहित्यातील प्रतिध्वनी

प्लेगच्या साहित्याने या प्रश्नांची दुसरी बाजू हाताळली आहे. सिंक्लेअर लुइस यांच्या 'अॅरोस्मिथ' (१९२५) या कादंबरीचा नायक प्लेगग्रस्त बेटावर निम्म्या लोकांना औषध देऊन निम्म्यांना न देण्याचा प्रयोग मांडतो. पत्नी प्लेगने गेल्यावर तो सर्वांना औषध देऊन टाकतो आणि प्रयोगाचे मोल गमावतो. उंढेऱ्यातील निम्म्या-निम्म्या घरांचा पेच येथे एका माणसाच्या मनात उतरला आहे. आल्बेर काम्यू यांच्या 'ला पेस्त' (१९४७) मध्ये नवी रक्तलस न्यायाधीशाच्या मुलावर आजमावली जाते आणि ते मूल अधिक काळ यातना भोगून मरते. या कादंबरीचा निवेदक आपली ओळख अखेरीस देतो : तो डॉक्टरच असतो. साक्ष देणारा स्वतः त्या घटनेतला असणे, ही अट काम्यूंनी कथनालाच घातली.

मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये प्लेगच्या दिवसांचे कथन येते. अहवाल आणि पत्रे यांच्या शेजारी ते ठेवून वाचले म्हणजे एक मोठी उणीव जाणवते. 'स्मृतिचित्रे'त साथ घरातून, अंगणातून, माणसामाणसांतल्या बोलण्यातून दिसते. मलकवालच्या प्रकरणात अशी एकही बाजू ऐकू येत नाही. १९ या संख्येखेरीज मृतांविषयीचे काहीही पुढच्या कथनांत उरत नाही. त्यांनी दंड पुढे का केला, घरच्यांनी त्यांना काय सांगितले, त्यांच्या मृत्यूनंतर शेजाऱ्यांनी लशीविषयी काय ठरवले, यांपैकी कशालाच आयोगाच्या वा पत्रलेखकांच्या साहित्यप्रकारात जागा नव्हती. त्या १९ जणांना झालेल्या रोगाचे मराठी नाव मात्र देहापाशी थांबते. सुश्रुतसंहितेतील 'धनुःस्तंभ' या संज्ञेशी नाते सांगणारा 'धनुर्वात' हा शब्द कारण सांगत नाही, दोष देत नाही. धनुष्यासारखा ताणला गेलेला देह तेवढा डोळ्यांपुढे उभा करतो.

समारोप

मलकवालनंतर पंजाबातील लसीकरणाची मोहीम कोलमडली आणि प्लेग मात्र वाढत राहिला. चुकीच्या निष्कर्षाची किंमत एका शास्त्रज्ञाच्या पाच वर्षांएवढीच मोजणे पुरेसे नाही. ज्यांनी भीतीने लस नाकारली त्यांच्यापर्यंत ती पोहोचते. म्हणूनच दुर्घटनेचे कथन कसे रचले जाते हा केवळ इतिहासकारांचा वा समीक्षकांचा प्रश्न राहत नाही. अपराधी शोधणारे कथन कोणाच्या तरी शिक्षेवर वा सुटकेवर संपते. पद्धत शोधणाऱ्या कथनाला असा शेवट नसतो. ते पुढच्या बाटलीपाशी, ती उघडणाऱ्या पुढच्या हातापाशी जाऊन थांबते. मलकवालच्या साक्षीत पडलेला चिमटा होता, न आलेला वास होता, निरुपद्रवी ठरलेल्या चार बाटल्या होत्या. हे सर्व एकत्र वाचण्यास पाच वर्षे लागली, आणि वाचले गेले तेही एका नामवंताला सोडवण्यासाठी. त्या १९ जणांसाठी ते वाचणे हे काम तेव्हा कोणाचेच नव्हते. रुग्णसुरक्षेचा इतिहास लिहिताना त्या अपुऱ्या वाचनापासून आरंभ करावा लागतो.